जोडीचा अर्ज

समुद्रापासून जितक्या लांब जन्मता येतं तितक्या लांब, नेब्रास्कातल्या कॉटर क्रीकमध्ये मी जन्मले आणि तिथल्याच शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. त्यातली तीस वर्षं दर ऑक्टोबरात मी देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांच्या धड्यावर दोन आठवडे खर्च केले. पुस्तकात त्यावर दीड पान आहे. मला तो धडा आवडायचा म्हणून मी तो ताणायचे, आणि तो शिकवताना समुद्र मी डोळ्यांनी पाहिलेला नाही ही गोष्ट मला दरवर्षी टोचायची.

शिक्षकांना प्रशिक्षण मिळत नाही असं नाही. ऑगस्टमध्ये शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये दोन दिवस असतं ना! ओमाहाहून एक गृहस्थ येतात. आठवीचा वर्ग त्यांनी उभ्या आयुष्यात सांभाळलेला नाही हे त्यांच्या पांढऱ्याशुभ्र बुटांवरून कळतं. रंगीत चिकट कागदावर ‘माझी ताकद’ लिहून भिंतीला लावायची, डोनट खायचे, सही करायची आणि प्रशिक्षणाचे तास पदरात पाडून घ्यायचे. इतिहास वगैरे काही नाही. एका वर्षी मी माझी ताकद म्हणून ‘सहनशक्ती’ लिहिलं. त्यांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि वर टाळ्या वाजवायला लावल्या.

खरं शिकायचं असेल तर उन्हाळी शिबिरं. देशभरात इतिहासाच्या शिक्षकांसाठी ती भरतात, कुठे रणभूमीवर, कुठे जुन्या गिरणीत. मला हवं होतं ते मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरचं. एक आठवडा, तीस शिक्षक. जहाजांच्या दोनशे वर्षांपूर्वीच्या रोजनिश्या हातात देतात, शाई लागू नये म्हणून पेन काढून घेऊन पेन्सिल देतात, आणि आयुष्य त्या कागदांत घालवलेली माणसं शेजारी बसून वाचायला शिकवतात. बहीण म्हणायची, “लव्हॉन, तिकीट काढ आणि ये जाऊन. कोणी अडवलंय?” तिला कसं समजावू? पर्यटकाला दोरीच्या अलीकडे उभं राहून बघावं लागतं. मला दोरीच्या पलीकडे जायचं होतं, आणि तिथून परत येऊन ते माझ्या वर्गाला सांगायचं होतं. नुसतं बघायचं असतं तर हनिमूनलाच गेले असते.

पाच वेळा अर्ज केला. चार वेळा ‘यंदा फार उत्तम अर्ज आले’ असं पत्र आलं. एकदा निवड झाली, तर त्याच जूनमध्ये आई पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. सहाव्या वेळी नियमांत एक नवी ओळ दिसली: एकाच शाळेतून दोन शिक्षकांनी मिळून अर्ज केल्यास प्राधान्य. ती ओळ वाचून मी खुर्चीतून उठलेच.

आमच्या शाळेत इतिहास शिकवणारे दोघंच. एक मी आणि दुसरा डेल कोव्हारिक, म्हणजे फुटबॉलचा कोच. आमच्याकडे आधी कोच नेमतात आणि मग त्याला दिवसभर काहीतरी काम हवं म्हणून इतिहास देतात. डेल एकेकाळी माझ्याच वर्गात होता. मागच्या बाकावर बसून वहीत खेळाडूंच्या जागांचे गोल आणि बाण काढायचा. आता फळ्यावर काढतो.

“बाई, समुद्राचं मी काय करू?” तो म्हणाला. “मला पोहताही येत नाही.”

“पोहायला कोण सांगतंय? वाचायचंय.”

“ते तर त्याहून अवघड.” मग मान खाजवत म्हणाला, “जुलैत माझं सरावाचं शिबिर असतं हो.”

“एक आठवडा तुझी पोरं आपापसांत डोकी आपटतील. त्यांना तेवढं येतं.”

तो हसला आणि फसला. पण अर्जासोबत मनोगत लिहायचं होतं, आणि डेलने लिहिलं होतं, ‘मला इतिहास आवडतो. मुलांनाही आवडावा असं वाटतं.’ बस्स. पुढे कोरं पान. रविवारी दुपारी मी त्याचं मनोगत स्वतः लिहायला बसले. गंमत अशी की माझ्या स्वतःच्या अर्जात मी माझी वर्षं, पदव्या आणि समित्या मांडल्या होत्या, अगदी वाणसामानाच्या यादीसारख्या. डेलच्या नावाखाली लिहायला लागले आणि हात थांबेना. लिहिलं की मी वर्गात जे सांगतो ते सगळं दुसऱ्यांनी पाहिलेलं असतं. लिहिलं की आमच्या इथे मक्याच्या शेतात वारा शिरला की सगळे म्हणतात, समुद्र असाच दिसतो, आणि हे म्हणणाऱ्या एकानेही तो पाहिलेला नसतो. मला एकदा तरी स्वतः पाहिलेलं सांगायचं आहे, लोकांचं ऐकून नाही. वाचून डेल म्हणाला, “बाई, हे मी लिहिलंय असं कोण मानेल?”

“तू सही कर.”

त्याने केली. मार्चमध्ये पत्र आलं. दोघांचीही निवड झाली होती. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर रडले आणि मग सगळ्यांवर चिडले, कारण ते बघत होते.

मे महिन्यात शाळा मंडळाने मतदान करून आमची शाळा हॅम्लिनच्या शाळेत विलीन केली. हॅम्लिन म्हणजे ज्या गावाला फुटबॉलमध्ये हरवण्यासाठी आमच्या गावाने साठ वर्षं जिवाचं रान केलं, तेच. पोरं कमी झाली होती, त्यात कोणाचा दोष नाही. नव्या शाळेत इतिहासाची एकच जागा होती. हॅम्लिनचा कोच निघून गेला होता आणि त्यांना डेल हवा होता. मी निवृत्तीच्या वयाची होते. मंडळाने मला निवृत्ती ‘सुचवली’, केक कापला, केकवर माझं नाव चुकवलं.

पण जुलै अजून माझा होता, असं मला वाटत होतं. मग शिबिराकडून शेवटचा कागद आला. त्यावर एकच वाक्य होतं: ‘येत्या शालेय वर्षात मी इतिहास शिकवणार आहे.’ खाली माझी सही आणि शेजारी मुख्याध्यापकांची.

आमचे मुख्याध्यापक मर्ल स्टट्समन हा मनाने चांगला माणूस. भांडण म्हटलं की तो दुसऱ्या दाराने निघून जातो. मी कागद पुढे केला तेव्हा त्याने वाचलाही नाही. थेट सही ठोकली.

“मर्ल, वाक्य वाचलंत का?”

“वाचलं हो.” तो खिडकीबाहेर बघत होता. “लव्हॉन, कोण तपासतंय? शिबिर जुलैत, शाळा ऑगस्टअखेरीला. तुम्ही जाऊन या. इतकी वर्षं वाट बघितलीत, तुमचा हक्क आहे तो.”

“आणि ऑगस्टअखेरीला मी कोणाला शिकवणार?”

“चर्चच्या रविवारच्या वर्गाला सांगा. नातवंडांना सांगा. शिकवणं म्हणजे काय, सगळं शिकवणंच.”

मला नातवंडं नाहीत हे त्याला माहीत होतं, बिचारा घाईत बोलून गेला. मी कागद घरी आणला. दोन दिवस तो जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बाटलीखाली होता. पेन हातात घेतलं, ठेवलं, परत घेतलं. खोटं सांगत नाही, मी सही करणारच होते. मनात सगळी वकिली तयार होती. एकतीस वर्षं विरुद्ध एक वाक्य!

पण माझा धंदाच आडवा आला. दरवर्षी सप्टेंबरमध्ये मी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरचा एक अख्खा तास फक्त सह्यांवर घेते. मजकुराला हात लावत नाही, फक्त नावं. सही करणाऱ्याला फासावर जाण्याची भीती होती, तरी त्याने पूर्ण नाव लिहिलं, असं सांगून मी प्रत्येक मुलाला एका कोऱ्या कागदावर सही करायला लावते. मुलं आधी खिदळतात आणि मग पेन टेकवताना गप्प होतात. असली बाई मिठाच्या बाटलीखालच्या कागदावर खोटी सही कशी करणार? मला माझाच राग आला. जरा कमी चांगलं शिकवलं असतं तर आज सुटले असते.

मी शिबिराला फोन केला. फोनवरची मुलगी फार गोड होती. तिने वरिष्ठांना विचारलं आणि परत फोन केला. डेलची जागा राहील, माझी नाही; नियम नियमच होता. पैसे देणाऱ्यांची अटच तशी होती, की शिकलेलं वर्गात पोचलं पाहिजे. “मला खूप वाईट वाटतंय,” ती म्हणाली, आणि मग सवयीने, “पुढच्या वर्षी जरूर पुन्हा अर्ज करा.”

“करते,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

डेल संतापला. “मग मीही नाही जाणार. तुमच्याशिवाय मी तिथे काय तोंड दाखवू? ते मनोगत तुमचं, समुद्र तुमचा. मी आपला बसेन मागे.”

“तू पुढे बसायचंस.”

“बाई...”

“डेल, हॅम्लिनची आणि आपली मिळून नव्वद पोरं तुझ्या हाती येणार आहेत. तू नाही गेलास तर त्यांना ते दीड पान तसंच वाचून दाखवशील आणि सिनेमा लावशील. मी ओळखते तुला. जायचं. एक वही घेऊन जायची. माझ्यासाठी म्हणून जाणार असशील तर राहू दे. त्या पोरांसाठी जा.”

हे मी मोठ्या तोऱ्यात बोलले. तो गेल्यावर गाडीत बसून मी स्टिअरिंगवर मूठ आपटली. मला जायचं होतं. त्या पोरांचं नाव मी पुढे केलं, पण जायचं मला होतं.

जुलैत तो गेला आणि रोज संध्याकाळी जेवणाच्या वेळेला फोन करू लागला. पहिल्या दिवशी म्हणाला, “बाई, इथे सगळे हुशार आहेत. मी कोच आहे हे सांगितल्यावर एकीने माझ्याकडे अशा दयेने बघितलं!” दुसऱ्या दिवशी बोलताना त्याचा आवाज बदलला होता. त्याच्या हातात एक रोजनिशी आली होती, चार वर्षांच्या सफरीची. “देवमासा मारला की कप्तान समासात पूर्ण माशाचा शिक्का मारायचा. हातातून निसटला तर नुसत्या शेपटीचा. माझ्या पानावर सगळ्या शेपट्याच होत्या, बाई. सात. खाली लिहिलंय, ‘आज वारा नाही.’ एवढंच. मी अर्धा तास ते पान बघत बसलो.”

मी फोनच्या या टोकाला काटा हातात धरून बसले होते. बटाटे गार झाले. असल्या पानांबद्दल मी वर्गात तीस वर्षं बोलत होते, आणि ते पान डेलने पाहिलं.

“अक्षर कसं होतं?” मी विचारलं.

“तिरकं. घाईतलं. एके ठिकाणी शाई सांडलीय, तिथे बोटाचा ठसा आहे.”

“मोठं बोट?”

“लहान वाटलं. पोरगेलं.”

आणखी, आणखी, असं मी विचारत राहिले. समुद्राबद्दल मात्र मी विचारलं नाही आणि तोही आपण होऊन बोलला नाही. पठ्ठ्याला तेवढं कळत होतं. गुरुवारी त्यांना बोटीतून नेलं, हे त्याने शुक्रवारी ओघात सांगितलं आणि घाईघाईने जेवणावर घसरला. शिंपल्यांचं सूप त्याला सोसलं नव्हतं.

ऑगस्ट गेला. आयुष्यात पहिल्यांदाच ओमाहाच्या गृहस्थांविना गेला, आणि विश्वास ठेवा, मला त्यांचीसुद्धा आठवण आली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गॅरेज आवरताना माझे नकाशे सापडले, गुंडाळलेले, दोन खोकी. ते घेऊन मी हॅम्लिनला निघाले. उगाच कशाला लपवा, मला माहीत होतं की या आठवड्यात तोच धडा असणार.

नव्या शाळेच्या दारात एक मुलगी भेटली, दातांना तारा, हॅम्लिनच्या रंगाचं जाकीट. मला ओळखत नव्हती. तिने आपण होऊन एक खोकं उचललं.

“हे कोणाकडे न्यायचंय, मॅडम?”

“कोच कोव्हारिक. इतिहास.”

“अय्या, माझाच तास आहे आता!” ती चालता चालता बोलत होती. “फार भारी शिकवतात. आमचे आधीचे सर नुसतं वाचून दाखवायचे. कोचनी स्वतः पाहिलंय सगळं. समुद्रावर गेले होते, ती खरी जुनी वही हातात घेतली होती. त्यांनी सांगितलं ना, की अंगावर काटा येतो. एक जण वाट बघत बसलाय चार वर्षं आणि मासा येऊन येऊन निसटतोय, असं काहीतरी. परवा आमच्या वर्गात कोणी हूं का चूं केलं नाही.”

“असं?” मी म्हणाले. मला डेलचा इतका हेवा वाटला की खोकं हातातून पडतंय की काय असं झालं. आणि त्याच वेळी त्याला जवळ घेऊन पाठ थोपटावी असंही वाटलं. दोन्ही खरं होतं.

“तुम्ही पाहिलाय समुद्र?” तिने विचारलं.

“नाही.”

ती थांबली. तिला माझी मनापासून कीव आली, चेहऱ्यावर स्पष्ट दिसली. मग तिने कोपराने वर्गाचं दार ढकललं. आत डेल फळ्याकडे तोंड करून बाण काढत होता, त्याने अजून बघितलं नव्हतं.

“मग बसा ना आज आमच्याबरोबर,” ती हळूच म्हणाली. “मागे जागा आहे. कोच काही म्हणणार नाहीत.”

मी खोकं दाराशी ठेवलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.