रुसलेल्या पेशींना सुट्टी

आमच्या प्रयोगशाळेत ‘पेशी रुसल्या’ असं म्हणतात. काचेच्या बशीत वाढवलेल्या श्वासनळीच्या पेशींवर दम्याचं औषध घातलं, की पहिल्यांदा त्या झकास दाद देतात. पुन्हा पुन्हा घाला, मग ढिम्म! औषध पकडणारे पृष्ठभागावरचे रिसेप्टर त्या आत ओढून घेतात. उपाय सोपा असतो. औषध धुऊन टाकायचं आणि बशीला एक दिवस सुट्टी द्यायची. दुसऱ्या दिवशी रिसेप्टर पुन्हा वर हजर. नऊ वर्षं मी हेच करतेय.

आणि घरात माझे दमेकरी बाबा याच औषधाचा, लगेच आराम देणारा निळा पंप दिवसातून बारा वेळा ओढत होते. दमा मुळात उसळू न देणारा, रोज घ्यायचा तपकिरी पंप कपाटात पडून. “त्याने लगेच काही वाटत नाही गं,” म्हणायचे.

“बाबा, अशाने निळ्याचाही गुण येईनासा होईल! ऐका ना जरा!”

“बरं बरं, मोठ्या शास्त्रज्ञ तुम्ही,” म्हणत पुन्हा फुस्स.

त्या मंगळवारी माझ्या डोक्यात तिडीक गेली. निळा पंप मी गुपचूप पर्समध्ये टाकला आणि कामावर गेले. म्हटलं, एक दिवस सुट्टी मिळू दे त्या पेशींना. केवढी हुशार मी!

अकरा वाजता शेजारच्या काकूंचा फोन आला. बाबांचे ओठ काळेनिळे पडलेत, ॲम्ब्युलन्स बोलावलीय. मी तशीच दवाखान्याकडे धावले.

दवाखान्यात मास्कमागून बाबा डॉक्टरीणबाईंना सांगत होते, “पंप... मीच... कुठेतरी ठेवला.”

धापा टाकत ते माझ्यासाठी खोटं बोलत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “मी नेला,” मी म्हटलं, आणि बशीची, सुट्टीची सगळी कथा सांगून टाकली.

बाई म्हणाल्या, “अहो, तुमच्या बशीतल्या पेशींना कुणाला जगवायचं नसतं. तपकिरी पंप नेमाने घेतला, की निळा आपोआप कमी लागतो. हिसकावून नाही.”

बाबा वाचले. तपकिरी पंप आता रोज घेतात, बिनतक्रार. निळा त्यांच्या खिशातच असतो. पण दम लागला की तो हातात धरून आधी माझ्या तोंडाकडे बघतात.

“घेऊ का गं?”

“घ्या ना बाबा, विचारताय काय!” मी ओरडते.

तरी दर वेळी विचारतात.