टेनस्लीपचा उतार

गेल्या सप्टेंबरात टेनस्लीपच्या घाटात कॅम्पर डोलला, तेव्हापासून वर्नाने त्या उताराची धास्तीच घेतली होती. ट्रकमागे जोडलेलं ते चाकांवरचं घर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुललं होतं आणि कठड्यापलीकडची दरी तिला थेट पायाखाली दिसली होती. "वारा गं, वारा," तिचा नवरा डेल्मार म्हणाला होता. वारा कसला डोंबलाचा! झाडाचं पान हलत नव्हतं.

म्हणून या उन्हाळ्यात नवरा आपणहून ट्रक ओरिनच्या गॅरेजात घेऊन गेला, तेव्हा तिला हायसं वाटलं. ती मुद्दाम सोबत गेली. ओरिन मागच्या कमानपाट्यांवर रबरी पिशव्या बसवत होता. त्यांत हवा भरली की ओझ्याने दबलेला ट्रक मागून वर उचलला जातो.

"ऐक रे डेल्मार," ओरिन ट्रकखालूनच म्हणाला, "कॅम्पर जोडलास की आधी जोडावरचे दांडे साखळ्यांनी ताणायचे. तेव्हा पिशव्या रिकाम्या हव्यात. दांडे ओझं पुढच्या चाकांवर ढकलतात. मग हवा, तीही जेमतेम. शेपटी जराशी खाली राहिली तर राहू दे."

"शेपटी खाली ठेवून कॅम्पिंगच्या तळावर जाऊ? लोक म्हणतील, डेल्मारचं कुत्रं ढुंगण घासत आलं!"

"म्हणू देत. हवा जास्त झाली तर दांडे सैल पडतात, पुढची चाकं हलकी होतात. मग स्टिअरिंग तुझ्या बापाचंही ऐकणार नाही."

डेल्मार खो खो हसला. वर्नाला हसू आलं नाही.

निघायच्या सकाळी ती अंगणात आली तर ट्रक आणि कॅम्पर टेबलासारखे एका पातळीत उभे. डेल्मारने पिशव्या टम्म फुगवल्या होत्या. तिने दांड्याच्या साखळीला बुटाचं टोक लावलं. साखळी खुळखुळली.

"डेल्मार, दांडे सैल आहेत."

"अगं, गाडी बघ ना! कशी ऐटीत उभी आहे."

"ओरिन म्हणाला होता..."

"ओरिनला सोबत घ्यायचंय का? नाही ना? मग बस."

त्यांच्या बफेलो गावात एखाद्याला त्याने बायको चुकीची निवडली असं तोंडावर सांगता येतं, त्याने ट्रक चुकीचा जोडलाय असं सांगता येत नाही. वर्ना बसली. आपण बसलो याचा तिला संताप आला, पण खाली उतरली मात्र नाही.

चढ सुरळीत गेला. डेल्मार शीळ घालत होता. खिंडीत रस्त्याकडेला अजून मळकट बर्फ होता. तिथून पलीकडे उतार लागला आणि दुसऱ्याच वळणावर त्याने स्टिअरिंग फिरवलं, तरी ट्रक क्षणभर सरळच गेला. शीळ थांबली.

पुढच्या वळणावर कॅम्पर हलला. आधी थोडा, मग जोरात. डेल्मारने घाबरून ब्रेक दाबला, तसा कॅम्परने ट्रकची मागची बाजू कठड्याकडे ढकलली. समोर आभाळ, खाली काही नाही.

"ब्रेक सोड! सोड म्हणते ना!" वर्ना ओरडली. त्याच्या गुडघ्यापाशी कॅम्परच्या ब्रेकची वेगळी कळ होती. तिने झेप घेऊन ती आवळली. मागून करकचून ओढ बसली, कॅम्पर ताणला गेला, सरळ झाला. पुढे खडीची मोकळी जागा आली. तिथे ट्रक थांबला.

डेल्मारच्या हातातून स्टिअरिंग सुटेना.

"पुढची चाकं आहेत की नाहीत, हेच कळत नव्हतं मला," तो म्हणाला.

"ओरिन बोलला ते ऐकलं होतंस तू."

"ऐकलं होतं. वर्ना, गेल्या वर्षीही वारा नव्हता. वर्षभर हा उतार माझ्या डोळ्यांपुढून हलला नाही. आज ट्रक असा सरळ उभा दिसला आणि वाटलं, आता काही होणार नाही."

त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं तिला वाटलं, आणि त्याला पोटाशी धरावं असंही. दोन्हीपैकी काहीच न करता ती खाली उतरली. पिशव्यांची हवा सोडली, कॅम्परचा जॅक लावून दोन्ही साखळ्या एकेक कडी वर ओढून ताणल्या, मग पिशव्यांत छोट्या पंपाने नावापुरती हवा भरली. ट्रकची शेपटी चार लोकांत हसं होईल इतकी खाली बसली.

ती परतली तेव्हा डेल्मार तिच्या जागेवर पट्टा लावून बसला होता.

"तू चालव," तो म्हणाला.

तिने आयुष्यभर ट्रक चालवला होता, पण मागे कॅम्पर असताना कधीच नाही. इथे मागे वळायला जागा नव्हती आणि फोन लागत नव्हता. दरीत खोलवर रस्ता वळत वळत गेला होता.

"मला भीती वाटतेय, डेल्मार."

"मलाही." त्याने हात लांबवून कॅम्परच्या ब्रेकची कळ धरली. "ही मी सांभाळतो. तू फक्त रस्त्याकडे बघ."

तिने खालचा गियर टाकला आणि ब्रेकवरचा पाय उचलला. पहिलं वळण आलं. तिने स्टिअरिंग फिरवलं, आणि पुढची चाकं वळली. अजून बरीच वळणं बाकी होती.