ताईचं चाचणीघर

आमचं काम म्हणजे मोठ्यांची भातुकली. दवाखान्यांचे फोन उचलणारी यंत्रणा आम्ही बनवतो. कुणी तिच्यात जरा बदल केला की पाइपलाइन नावाची दुसरी यंत्रणा आपोआप एक तात्पुरता सर्व्हर उभा करते. खोटे पेशंट, खोटे डॉक्टर, चाचणीचा फोन नंबर, सगळं मांडते आणि चाचण्या झाल्या की पुसून टाकते. आम्ही त्याला चाचणीघर म्हणतो. हवं ते कोडमध्ये लिहायचं, घरात काही ठेवायचं नाही, हा पहिला नियम. तो मला ताईने शिकवला. माझी सख्खी बहीण, शेजारच्याच टेबलावर बसायची आणि घरच्यासारखी ऑफिसातही माझा कान पिळायची.

ताई गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. मला अजून तिचा राग येतो.

"तिचं एक चाचणीघर अजून चालू आहे," टीमलीड नजर चुकवत म्हणाला. "'पाडू नये' अशी खूण लावलीय. बघून बंद करशील?"

म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान! मी तणतणतच त्या घराचा नंबर फिरवला. तिथे नेहमी एक यंत्राचा पुरुषी आवाज असतो. पण पलीकडून ताई बोलली.

"नमस्कार. धाकटी असशील तर आधी जेवून घे, मग माझ्या चुका काढ."

बाईसाहेबांनी स्वतःचा आवाज थेट सर्व्हरवर चढवून ठेवला होता. मी खो खो हसले आणि हसता हसता हुंदका फुटला.

पहिली आठवण झाली ती आईची. ती रोज म्हणायची, "डोळे मिटले की चेहरा दिसतो गं तिचा. आवाज मात्र काही केल्या येत नाही." आवाज मागाहून उतरवून घेऊ, आधी आईला ऐकवू, असं म्हणून मी घरी फोन केला, ताईचा आवाज सापडलाय एवढंच सांगितलं आणि नंबर दिला.

लगेच आईचा फोन. "लागत नाहीये गं. नुसता टूं टूं वाजतोय."

घर अडकलं होतं. जुनं झालं की अडकतं. अशा वेळी आम्ही काय करतो? 'नव्याने उभारा' हे बटण दाबतो. दिवसभर तेच तर करत असतो. "आता लाव," मी आईला म्हणाले आणि बटण दाबलं.

दाबलं आणि मग लक्षात आलं. जुनं घर पाडून नवं उभं राहत होतं, कोडमध्ये लिहिलेलं तेवढंच घेऊन. ताईचा आवाज कोडमध्ये नव्हता. मी थांबवायला धावले, तोवर सगळ्या चाचण्या पास होऊन हिरव्या झाल्या होत्या. स्क्रीनवर एक ओळ आली: फोन उचलला, आवाज यंत्राचा, पुरुषी. तो फोन आईचा होता.

मग माझा फोन वाजला. तो उचलून मी नुसती रडत राहिले.

आई घसा साफ करून म्हणाली, "ऐकला गं. तिचाच होता. अगदी तिचाच. आता रडू नकोस, आधी जेवून घे."