उशिरा वाजलेली टाळी

मित्रांनो, मी एक जुना ट्रान्झिस्टर आहे. सेलवर चालणारा, हातात मावणारा रेडिओ. कॅनडातल्या हॅमिल्टनमधल्या एका घराच्या स्वयंपाकघरात, रबरबँड, अर्धवट मेणबत्त्या आणि सुतळीच्या गुंड्या असलेल्या ड्रॉवरमध्ये मी पडून असतो. पोटातले सेल फुटून त्यांचं पाणी माझ्या तारांवर ओघळलं आहे, त्यामुळे मला आता आवाज नाही. ऐकू मात्र सगळं येतं.

माझा जन्म पुण्याच्या एका कारखान्यातला. माझ्या अंगावर भोकाभोकांचं चामड्याचं कव्हर होतं आणि त्याचा मला फार तोरा होता. नंदकुमार नावाच्या तरुण इंजिनियरने पहिल्या नोकरीत मला घेतलं आणि क्रिकेटच्या मैदानावर नेलं. तेव्हाची रीतच तशी होती. सामना समोर चाललेला असायचा आणि लोक कानाला रेडिओ लावून बसायचे. "समोर दिसतंय की, मग ऐकायचं कशाला?" असं कुणी विचारलं, की नंदकुमार त्यालाच वेड्यात काढायचा. चेंडू डोळ्यांना दिसतो, पण तो का वळला ते ऐकल्याशिवाय कळत नाही, असं त्याचं म्हणणं. मला ते अगदी पटायचं!

पुढे तो पोलादाच्या कारखान्यात नोकरीला म्हणून कॅनडात आला, तो मला कोटाच्या खिशात घेऊनच. इथे क्रिकेट कुठलं? पण जवळच्या टोरोंटोला बेसबॉलची टीम उभी राहिली आणि आमचं नशीब उघडलं. उन्हाळ्यात एक मॅच तरी सगळ्यांनी मिळून बघायची, असं ठरून गेलं. जयंतीबाई, म्हणजे त्याची बायको, पोळी-भाजीचे रोल करून घ्यायच्या आणि पहिल्या इनिंगमध्येच ते संपायचे. पुढच्या रांगेतले गोरे लोक मागे वळून विचारायचे, "काय झालं? आउट का दिला?" नंदकुमार माझं ऐकून त्यांना समजावून सांगायचा. मला तर वाटायचं, अख्खं स्टेडियम माझ्यामुळेच चाललंय.

मग काळ बदलला. मैदानावर बॅटचा ठोका पडायचा आणि त्याची हकिगत माझ्या तोंडून आठ-दहा सेकंदांनी बाहेर पडायची. दोष माझा नव्हता, रेडिओ स्टेशनवरूनच ते उशिरा येत होतं. नंदकुमार कुरकुरला, पण सवय काही सोडली नाही. ही उशिराची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे सगळं तिच्यावरच येऊन ठेपलं.

चार वर्षांपूर्वी जयंतीबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीवरच्या नर्सिंग होममध्ये, म्हणजे कायम सांभाळ करणाऱ्या आश्रमात, त्यांना ठेवावं लागलं. मुलगा शौनक दूर ओटावा शहरात, म्हणून नंदकुमार, आता आजोबा झालेले, रोज दुपारी स्वतः गाडी चालवत तिथे जायचे. बरोबर चार वाजता ते जयंतीबाईंचे केस विंचरायचे. साडेतीनपासूनच त्या डाव्या हातात कंगवा धरून दाराकडे बघत बसलेल्या असत. दिवसभरातलं तेवढंच काय ते त्यांचं उरलं होतं.

आणि मग आजोबांचे डोळे जायला लागले. कडेचं दिसायचं, मधोमध मात्र धुराचा ठिपका. हे सगळ्यात आधी मला कळलं. माझ्या तबकडीवरचे आकडे त्यांना दिसेनात, ते अंगठ्याने चाचपून स्टेशन लावू लागले. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं त्यांनी बंद केलं. डॉक्टर सरकारला कळवणार, लायसन्स जाणार, मग चार वाजता तिथे कोण जाणार? रस्ता रोजचाच आहे, असं ते स्वतःशीच पुटपुटायचे. मला भीती वाटायची. पण मी पडलो रेडिओ, दुसऱ्याने सांगितलेलंच बोलणारा!

गेल्या जुलैत शौनक आणि त्याची नऊ वर्षांची मुलगी केया आले आणि आम्ही दुपारच्या मॅचला गेलो; त्या दिवशीचं विंचरणं आजोबांनी सकाळीच उरकलं होतं. जाताना आजोबांची गाडी शौनकनेच चालवली. ऊन छान होतं, स्टेडियमचं सरकतं छप्पर उघडं होतं. आजोबा कानात माझी वायर घालून बसले होते. माझं ऐकून ते मान डोलवत, टाळ्या वाजवत. शौनकला वाटलं, बाबा किती रंगलेत! मला माझी लाज वाटत होती, कारण त्यांचं सोंग मीच सांभाळत होतो.

पाचव्या इनिंगमध्ये होम रन बसला, आपल्या षटकारासारखा. सगळं स्टेडियम उठलं, ओरडलं, पुन्हा खाली बसलं. आणि मग आजोबांनी जोरात टाळी वाजवली. एकट्याने.

केयाने त्यांच्याकडे बघितलं. पुढच्या दोन-तीन वेळा ती मैदानाकडे न बघता त्यांच्याकडेच बघत राहिली. शौनक बिअर आणायला गेल्यावर ती त्यांच्या कानाशी आली.

"आजोबा, यू आर क्लॅपिंग लेट. एव्हरी टाइम. यू कान्ट सी इट, राइट?"

आजोबांचा हात माझ्यावर घट्ट आवळला गेला. "बाबाला सांगू नकोस हं, केया. मला आजीकडे जायचं असतं."

तिने हळूच त्यांच्या कानातली माझी वायर काढली आणि स्वतःच कुजबुजायला लागली. "स्ट्राइक. फाउल बॉल. नाऊ ही इज रनिंग, आजोबा, रनिंग!" त्या दिवशी उरलेल्या मॅचमध्ये आजोबांनी सगळ्यांच्या बरोबरीने टाळ्या वाजवल्या. मी खिशात मुका पडलो होतो. खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटला.

मॅच संपली. पार्किंगमध्ये आजोबांनी हात पुढे केला. "शौनक, चावी दे. तू दोन बिअर घेतल्यास, मी ड्राइव्ह करतो."

शौनकने चावी दिली. तो शेजारच्या सीटवर बसला. केया मात्र गाडीबाहेरच उभी राहिली.

"केया, गेट इन. ट्रॅफिक लागेल."

ती रडायला लागली. "नो! आजोबा कान्ट सी! ही कान्ट सी एनीथिंग!"

शौनक खाली उतरला. "बाबा, ही काय बोलतेय? खरंय का हे?"

आजोबांनी चावी गाडीच्या टपावर ठेवली आणि ते बाजूला झाले. गाडी तिथेच सोडून आम्ही ट्रेनने परत आलो. केया खिडकीशी बसली होती आणि आजोबा तिच्यापासून दोन सीट लांब.

लायसन्स गेलं. आता नर्सिंग होमला न्यायला एका संस्थेची गाडी येते, मंगळवारी आणि शुक्रवारी. बाकीचे पाच दिवस जयंतीबाई कंगवा घेऊन बसतात, असं तिथली नर्स फोनवर सांगते. कुणी दुसऱ्याने विंचरायला घेतलं, तर त्या कंगवा सोडत नाहीत.

मला त्याच संध्याकाळी या ड्रॉवरमध्ये टाकलं. सेल काढायचंही कुणाला सुचलं नाही. शौनकचा फोन दर रविवारी येई. केया कधी बोलत नसे आणि आजोबाही तिला बोलवत नसत. सगळा हिवाळा असाच गेला. इतकं वाईट मला माझ्या मुकेपणाचंही वाटलं नाही.

मग एप्रिल आला, बेसबॉलचा मोसम सुरू झाला. एका शनिवारी आजोबांनी ड्रॉवर चाचपून मला बाहेर काढलं. बटण फिरवलं. काहीच नाही. माझ्या अंगावरचा पांढरा चुरा त्यांच्या बोटांना लागला. बराच वेळ ते मला हातात धरून उभे होते. मग त्यांनी स्पीकरवर फोन लावला.

"शौनक, केयाला दे. केया, माझा रेडिओ गेला गं. मॅच लागली असेल, टीव्हीवर बघून सांगशील का मला?"

पलीकडून बारीक आवाज आला. "आर यू मॅड ॲट मी? आजी... बिकॉज ऑफ मी..."

"नाही गं, राणी. तू बोलली नसतीस, तर एखादं पोर माझ्या गाडीखाली आलं असतं. तू केलंस ते बरोबर केलंस. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. मला लाज वाटली."

मग केया सांगायला लागली, रडत रडतच. आजोबा ओट्याशी खुर्ची ओढून बसले. तिचं ऐकून टाळ्या वाजवता वाजवता ते मध्येच थांबले. ती म्हणाली, "आजोबा, दॅट वॉज अ होम रन! यू डिडन्ट क्लॅप."

"चार वाजले, बाळा," ते म्हणाले. "आजी दाराकडे बघत असेल."

मित्रांनो, मला नवे सेल घालून आता काही उपयोग नाही, तेव्हा माझी काळजी नको. पण तुमच्या घरात कुणी उशिरा टाळी वाजवत असेल, उशिरा हसत असेल, तर त्याची थट्टा करू नका. त्याच्या शेजारी सरकून बसा आणि समोर काय चाललंय ते त्याला सांगा. त्याने चावी मागितली, तर देऊ नका. आणि चावी काढून घेतलीत, तर चार वाजता त्याला जिथे जायचं असतं, तिथे त्याला तुम्ही घेऊन जा.