गरम गाडीचा स्टार्टर

एकतीस वर्षं मी गाड्यांचे सुटे भाग विकते आहे, आणि अजूनही दुकानात शिरणारं प्रत्येक नवं गिऱ्हाईक माझ्या खांद्यावरून मागे बघतं, आत कुणी पुरुष आहे का म्हणून. नसतो. मग नाइलाजाने मलाच विचारतात, "जुन्या मसल कारसाठी स्टार्टर हवाय." मी म्हणते, "दाते किती?" की यांचं तोंड बंद. इंजिनाच्या मागच्या चाकाला दाते असतात, स्टार्टर त्यांत अडकून इंजिन फिरवतो. आमच्याकडच्या या जुन्या, दांडग्या इंजिनाच्या अमेरिकी गाड्यांत ते चाक दोन मापांचं येतं, एकशे त्रेपन्न दात्यांचं नाहीतर एकशे अडुसष्ट. माप चुकलं की नुसती खरखर होते आणि दोन्हींचं वाटोळं. पुस्तकात काय छापलंय ते मला सांगू नका, गाडीखाली झोपा, एका दात्याला खडूची खूण करा आणि मोजा. लोक चिडून जातात आणि मोजून परत येतात.

व्हर्लिन केसलरला मात्र विचारावं लागलं नाही. त्या एप्रिलमध्ये तो आला तो दारातूनच म्हणाला, "एकशे अडुसष्ट. माहीत होते, तरी काल परत मोजले."

"तुझ्या गाडीचे दाते मला माझ्या दातांपेक्षा जास्त पाठ आहेत," मी म्हटलं. "बोल, काय हवंय?"

"तो लहान दे."

लहान स्टार्टर, आणि व्हर्लिनला? मी हातातलं पेन खाली ठेवलं.

व्हर्लिन आणि मी शाळेत एका वर्गात होतो. त्याची सत्तर सालची हिरवी गाडी लग्नाच्याही आधीची. तिच्यातला एकेक बोल्ट कारखान्यातून आला तसा. जत्रेतल्या गाड्यांच्या स्पर्धेत परीक्षक काठीला आरसा लावून गाडीच्या पोटाखाली बघतात, स्टार्टरवर ठोकलेला महिना गाडीच्या महिन्याशी जुळतो का ते. व्हर्लिनचा जुळायचा. फक्त एक दुखणं होतं. धुराची नळी त्या मोठ्या स्टार्टरला खेटून जाते. लांबचा प्रवास करून गाडी बंद केली की तो तापलेला स्टार्टर हलत नाही. टक करतो आणि गप्प. मग बॉनेट उघडून अर्धा-पाऊण तास उभं राहायचं. या गाड्यांच्या माणसांना त्याचंही काही वाटत नाही, पेट्रोल पंपावर बॉनेट वर करून गप्पा मारत बसतात.

त्यावर उपाय म्हणजे नव्या पद्धतीचा लहान स्टार्टर. नळीपासून दूर बसतो, कितीही तापला तरी फिरतो. मी व्हर्लिनला तो तीनदा दाखवला होता. तीनदा तो म्हणाला, "अगं आर्डिथ, सूपचा डबा वाटतो तो. आरशात दिसला की माझे गुण गेले." शेवटच्या खेपेला मीही वैतागले आणि मुकाट्याने त्याच्या हातात जुन्याच घडणीचा, महिना जुळणारा, दुरुस्त केलेला ठेवला. घे बाबा, तुझी गाडी, तुझं नशीब.

त्यानंतरच्या ऑगस्टमध्ये नोरीन, त्याची बायको, हृदयाच्या दुखण्याने इस्पितळात होती. तिनेच त्याला सत्तर मैलांवरच्या स्पर्धेला पाठवलं. "जा रे, इथे येरझारा घालून माझं डोकं उठवतोस." दुपारी रोंडाचा, त्यांच्या मुलीचा, फोन गेला. व्हर्लिन लगेच निघाला. वाटेत टाकी भरायला थांबला, गाडी बंद करावी लागली, आणि मग टक. एक ट्रकवाला म्हणाला, चल, मी सोडतो. व्हर्लिन म्हणाला, "नको, पाच मिनिटांत थंड होईल." पाचाची चाळीस झाली. तो पोचला तेव्हा नोरीन जाऊन दहा मिनिटं झाली होती.

रोंडाने त्याला शिव्या दिल्या नाहीत. बोलणंच जवळजवळ बंद केलं. तिचं घर एका तासावर. हा दर महिन्याला हिरवी घेऊन जायचा. बंद केली तर परत सुरू होणार नाही म्हणून अंगणात तशीच घरघरत ठेवायचा आणि पायरीशी उभा राहायचा. ती दारात यायची, आवाजात ओरडून दोन शब्द बोलायची आणि आत जायची. मी किती वेळा म्हटलं, अरे, तुझा रोजचा पिकअप ट्रक घेऊन जा. तर म्हणे, "ट्रकने गेलो तर गाडी लपवली असं वाटेल तिला." दीड वर्ष हे चाललं. मग मार्चमध्ये ती म्हणाली, "बाबा, एक तर ती बंद कर आणि आत ये, नाहीतर येऊ नकोस."

"बंद कर आणि आत ये, असं म्हणाली," व्हर्लिनने मला काउंटरवर दोनदा सांगितलं. मी तिसऱ्या फळीवरून डबा काढला.

शनिवारी सकाळी त्याच्या गॅरेजमध्ये आम्ही तो बसवला. तो खाली झोपलेला, मी वरून पाने देते आहे. स्टार्टरच्या आणि चाकाच्या दात्यांमध्ये किती फट हवी ते कागदांना लावायच्या क्लिपची तार घालून बघतात, ती मी दुकानातूनच नेली होती. तार अलगद गेली. अकरा वाजता किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात उठली. व्हर्लिन हात पुसत म्हणाला, "तू पण चल. मी एकटा गेलो तर काय बोलेन देव जाणे."

रोंडाच्या अंगणात त्याने गाडी बंद केली. एवढी शांतता झाली की कुंपणापलीकडची कुत्री ऐकू आली. रोंडाने जाळीचं दार उघडून धरलं. आम्ही आत बसलो. तिने कॉफी दिली, रुबार्बच्या आंबट देठांची गोड पाई कापली. व्हर्लिनने तिच्या टोमॅटोच्या रोपांची चौकशी केली, ती म्हणाली, खिडकीत आहेत, थंडी हटली की बाहेर लावीन. दहा मिनिटं ते दोघं बाप-लेकीसारखे बसले. मी बशीतल्या पाईकडेच बघत होते, माझ्या डोळ्यांचा भरवसा नव्हता.

मग तिने विचारलं, "आता गरम असताना सुरू होते?"

"होते ना!" व्हर्लिनचा चेहरा उजळला. "नवा लहान स्टार्टर बसवलाय. एकदम चोख."

"किती वेळ लागला बसवायला?"

"छे, वेळ कसला. एक सकाळ."

तिने बशीतला काटा नीट केला. मग माझ्याकडे वळली. "आर्डिथ मावशी, हा आत्ताच निघालाय का बाजारात? त्या ऑगस्टमध्ये मिळत होता?"

व्हर्लिनने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात त्याने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि आता काय मागतो आहे ते मला स्वच्छ कळत होतं. एक शब्द खोटा बोलायचा होता. पण सुट्या भागांबद्दल मी कधी खोटं बोललेले नाही, तोंडाला ती सवयच नाही.

"होता," मी म्हटलं. "आमच्याच दुकानात. तिसऱ्या फळीवर."

"बाबाला माहीत होतं?"

"हो," व्हर्लिन स्वतःच म्हणाला.

"मग का नाही घेतलास?"

त्याने तोंड उघडलं. गुण, आरसा, ठोकलेला महिना, यातलं काय सांगणार होता? "दिसायला..." एवढंच म्हणाला आणि थांबला.

रोंडाने दोघांच्या बशा उचलल्या. माझ्या बशीत पाईचा अर्धा तुकडा होता. "एक सकाळ," ती नळाकडे तोंड करून म्हणाली. "मला वाटायचं, या गाड्यांना इलाजच नसतो. तसं समजून मी तुला आत बोलावलं होतं, बाबा. आता जा. परत येऊ नकोस." आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मला कळलं की हे कायमचं.

आम्ही बाहेर आलो. बॉनेटवर हात ठेववत नव्हता इतकं इंजिन अजून तापलेलं. व्हर्लिन आत बसला, बराच वेळ किल्ली धरून राहिला, मग फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू. त्याने बंद केली, पुन्हा फिरवली. पुन्हा सुरू. तिसऱ्यांदाही. खिडकीतल्या टोमॅटोच्या रोपांमागे रोंडाने पडदा ओढून घेतला.

"जुना असता," तो म्हणाला, "तर अर्धा तास तरी इथे थांबावं लागलं असतं."

मी त्याला सांगणार होते की थोडं थांब, ती कदाचित बाहेर येईल. पण गाडी चालू होती, आणि थांबायला काही कारण उरलं नव्हतं. त्याने गिअर टाकला.