तुमचा व्यवहार सुरक्षित आहे

माणसाला माणसावर विश्वास ठेवायची गरजच उरू नये, हे मानवजातीने टाकलेलं आजवरचं सर्वांत मोठं पाऊल होय. असं कंपनीच्या दर्शनी भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं. त्याच भिंतीला टेकून उभं असलेलं कॉफीचं यंत्र आधी पैसे घेई आणि मग कप खाली सोडायचा की नाही याचा विचार करी.

यंत्राच्या पलीकडच्या टेबलावर काका बसत. ते कुणाचे सख्खे काका नव्हते. विभागात पन्नाशी ओलांडलेले ते एकटेच, म्हणून सगळ्यांचेच काका झाले होते. पूर्वी ते विमा कंपनीत होते. तिथे तक्रारी कागदावर येत, इथे पडद्यावर येत, एवढाच काय तो मानवजातीच्या पावलाचा त्यांना आलेला अनुभव.

काम सोपं होतं. लोकांची आभासी नाणी त्यांच्या मोबाइलमधल्या वॉलेटमध्ये असत. ती अडकली, भलतीकडे गेली किंवा दिसेनाशी झाली की लोक काकांना लिहीत. वॉलेट उघडायची किल्ली म्हणजे बारा शब्द. ते हरवले की नाणी गेली. कंपनीकडेही त्यांची प्रत नसे. एका गृहस्थांनी ते शब्द फ्रीजच्या मागे चिकटवून ठेवले आणि फ्रीज विकून टाकला. एका बाईंना शब्द सगळे आठवत होते, पण त्यांचा क्रम नवऱ्याला माहीत होता आणि नवऱ्याशी बोलणं बंद होतं. काका सगळ्यांना कळवत, ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.’ ते खोटं नव्हतं. समजू शकत होते. करू काही शकत नव्हते.

घरी त्यांची स्वतःची गैरसोय समजून घ्यायला कुणी नव्हतं. बायको आईच्या आजारपणासाठी माहेरी गेली होती. आई खडखडीत बरी झाली, बायको परत आली नाही. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. झालं असतं तर निदान बोलणं तरी झालं असतं. मुलगी दूर देशी होती. ती रोज सकाळी मोबाइलवर एक अंगठा पाठवी, काका उलट एक अंगठा पाठवत. बापलेकीचं उत्तम चाललं होतं.

चोरांना कर्मचाऱ्यांची नावं कळू नयेत म्हणून ग्राहकांना कुणाचंच खरं नाव दिसत नसे. पडद्यावर काका होते ‘मदतनीस ७’.

अशा या मदतनीस सातकडे एक दिवस तिकीट आलं. तक्रारीला कंपनीत तिकीट म्हणत. प्रवास घडवायचा नसला तरी. ग्राहक होते एक निवृत्त दंतवैद्य. त्यांनी लिहिलं होतं, ‘नाणी निघाली आहेत, पण पोचलेली नाहीत.’

काकांनी सवयीने समजावून सांगितलं. व्यवहारांची रांग असते. थोड्या थोड्या वेळाने त्यातले काही आत घेतले जातात. जो जास्त फी देतो तो आधी आत जातो. आपण सगळ्यात कमी फी लावली आहे, म्हणून आपण रांगेच्या शेपटाला आहात. ‘फी वाढवा’ असं बटण आहे, ते दाबावं.

‘नको,’ डॉक्टरांचं उत्तर आलं. ‘घाई नाही.’

‘मग किती दिवस लागतील ते सांगता येणार नाही.’

‘वा, छान.’

काकांना वाटलं, म्हातारा चिडून बोलतोय. त्यांनी तिकीट शांतपणे हाताळायचं ठरवलं आणि पहिल्या दिवसाचा नेमाचा इशाराही दिला. ‘आमच्या नावाने कुणी बाहेरून मेल केला, फोन केला, गोड बोललं, तर तो चोर समजा. उत्तर देऊ नका. लगेच आम्हाला कळवा.’

‘ओळखीचा वाटला तरी?’

‘तेव्हा तर नक्कीच. ओळख दाखवणं हेच त्यांचं काम असतं.’

‘लक्षात ठेवतो,’ डॉक्टरांनी लिहिलं. ते शब्दाचे पक्के निघाले. पण ते पुढे.

व्यवहार पोचेपर्यंत तिकीट बंद करायचं नाही आणि रोज एकदा तरी माणसाने, यंत्राने नव्हे, ग्राहकाला ख्यालीखुशाली कळवायची, असा कंपनीचा नियम होता. तो नियम व्हायला कारण झालं होतं. पूर्वी हे काम यंत्राकडे होतं आणि सगळी नाणी गमावलेल्या एका ग्राहकाला त्याने ‘अभिनंदन!’ असं कळवलं होतं. तेव्हापासून माणूस. तर दुसऱ्या दिवशी काकांनी लिहिलं, ‘तुमचा व्यवहार सुरक्षित आहे. अजून रांगेत आहे.’

‘आभार, सातराव. तुम्ही कसे आहात?’

काका पडद्याकडे बघत राहिले. ग्राहक त्यांना पुष्कळ काही विचारत. कंपनी बुडते आहे का, हे विचारत. तुम्ही चोर आहात का, हेही विचारत. हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता.

‘बरा आहे,’ त्यांनी लिहिलं. आणि मग, कुणाचं नुकसान नाही म्हणून, ‘दाढ दुखते आहे.’

‘कुठली?’

‘डावीकडची. खालची.’

‘आ करा.’

काकांनी भर कचेरीत आ केला. केल्यावर लक्षात आलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला वाटलं, काकांना जांभई आली. तिलाही आली.

‘केलात ना?’ डॉक्टरांनी लिहिलं. ‘सगळेच करतात. काही दिवस त्या बाजूने चावू नका. आणि दाखवून घ्या कुणाला तरी. मी उपकरणं विकून टाकली.’

त्यानंतर ‘तुमचा व्यवहार सुरक्षित आहे’ हे नमनाचं वाक्य झालं. ते लिहून झालं की खरं बोलणं सुरू होई. डॉक्टर गमतीचा माणूस होता. ‘सातराव, मी जन्मभर अशा माणसांशी बोललो ज्यांच्या तोंडात माझा हात होता. हवामान, राजकारण, मुलांची शिक्षणं, सगळं मीच बोलायचो. ते फक्त आँ आँ करायचे. आता मला उत्तरं ऐकायची आहेत तर खुर्ची रिकामी.’

‘आता माझं उत्तर ऐकताय की,’ काकांनी लिहिलं.

‘म्हणून तर म्हणतो, घाई नाही.’

काका हळूहळू सकाळी लवकर येऊ लागले. दिवसभरात कुठे काही गमतीचं दिसलं की ते मनात बाजूला काढून ठेवू लागले, डॉक्टरांना सांगायला. बसमध्ये एक माणूस फोनवर बायकोची माफी मागत होता आणि उतरताना कळलं की फोन बंद होता. हे पूर्वी काकांनी पाहिलं असतं आणि विसरले असते. आता ते घरी जपून आणलं, सकाळी नेऊन दिलं. डॉक्टरांनी लिहिलं, ‘फोन बंद असताना माफी मागणं सोपं जातं. मीही करून पाहिलंय.’ 

मग एक दिवस टीम लीडर आली. ती काकांपेक्षा पुष्कळ लहान होती. काम असलं की ‘काका’ म्हणे, रागावली की ‘सर’.

‘सर, हे दंतवैद्याचं तिकीट काय प्रकार आहे? अख्ख्या विभागाच्या न मिटलेल्या तिकिटांच्या आलेखावर एक खुंटी उभी दिसतेय. वरचे विचारतात, ही खुंटी कुणाची.’

‘त्यांना फी वाढवायची नाहीये.’

‘मग आपण भरू. तेवढी फी म्हणजे काही नाही. कंपनीच्या खात्यातून भरा, व्यवहार पुढे ढकला, तिकीट बंद करा. एक बटण तर दाबायचंय. काका, प्लीज.’

काकांनी त्या बटणापर्यंत जायला व्यवहार उघडला आणि आजवर न पाहिलेली गोष्ट पाहिली. नाणी जिथून निघाली होती ते वॉलेट डॉक्टरांचं होतं. जिथे पोचायची होती तेही डॉक्टरांचंच होतं. म्हाताऱ्याने उजव्या खिशातली चिल्लर डाव्या खिशात टाकली होती आणि ती वाटेत अडकून राहावी याची नीट व्यवस्था केली होती.

‘डॉक्टर,’ काकांनी लिहिलं, ‘दोन्ही खिसे तुमचेच आहेत.’

डॉक्टरांचं उत्तर आलं.

‘पहिल्यांदा खरंच चुकून झालं होतं, मागच्या वर्षी. तुमच्या जागी दुसरं कुणी होतं. रोज कळवायचं, तुमचा व्यवहार सुरक्षित आहे. सातराव, माझं काही सुरक्षित आहे असं मला बायको गेल्यापासून कुणी सांगितलं नव्हतं. रागावलात?’

‘नाही.’

‘तिकीट बंद करणार?’

काकांनी बटणाकडे पाहिलं. टीम लीडरच्या टेबलाकडे पाहिलं. मग त्यांनी लिहिलं, ‘आमचं यंत्र आज जरा नीट चालत नाहीये.’ नोकरीतलं हे त्यांचं पहिलं धडधडीत खोटं. टीम लीडरलाही त्यांनी तेच सांगितलं. आपल्या कंपनीचं यंत्र नीट चालत नाही, यावर तिचा चटकन विश्वास बसला.

एकमेकांचे फोन नंबर घ्यावेत, हे दोघांच्याही मनात आलं नाही असं नाही. डॉक्टरांनी एकदा लिहूनही पाहिला. पण त्या चौकटीत लागोपाठ आकडे आले की त्यांवर आपोआप काळी पट्टी पडे. अक्षरांत लिहिला तरी पडली. यंत्र त्या दिवशी अगदी नीट चालत होतं.

आणि मग भाव कोसळला. का कोसळला ते कुणालाच कळलं नाही. तो का चढला होता हेही कळलं नव्हतं. लोक धडाधड विकून मोकळे झाले, दोन दिवस गर्दी उसळली आणि तिसऱ्या दिवशी रांग ओस पडली. सगळ्यात कमी फीवालेही आत घेतले गेले. काका सकाळी कचेरीत पोचले तेव्हा खुंटी नाहीशी झाली होती. व्यवहार पूर्ण. तिकीट आपोआप बंद. डॉक्टरांशी बोलायची चौकट करडी पडली होती, तिच्यात अक्षर उमटेना.

टीम लीडर खुशीत आली, पण तिच्या कपाळावर आठी होती. ‘काका, तुमच्या दंतवैद्याने पाचपैकी दोन तारे दिलेत. कारण वाचा. “काम फार लवकर झालं.” अशी तक्रार असते का कुणाची?’

‘काही लोक विचित्र असतात,’ काका म्हणाले आणि कॉफी आणायला गेले. यंत्राने पैसे घेतले. कप सोडला नाही.

तिकीट उघडं नसताना कंपनीने आपणहून ग्राहकाला लिहायचं नाही, असा नियम. काका वाट बघत राहिले. तिकीट आलं नाही; काही अडकल्याशिवाय ते काढताच येत नसे. शेवटी त्यांनी डॉक्टरांचं खातं उघडून पाहिलं. त्या आठवड्यात तिथून पुन्हापुन्हा व्यवहार झाले होते. उजव्या खिशातून डाव्या, डाव्यातून उजव्या, दर वेळी सगळ्यात कमी फी. आणि रांगच नसल्यामुळे दर वेळी नाणी सुखरूप, तत्काळ पोचली होती. म्हातारा दार ठोठावत होता आणि दार सताड उघडं होतं. आत कुणी नव्हतं.

खात्यात डॉक्टरांच्या मेलचा पत्ता होता. तो काकांनी लक्षात ठेवला. हे नियमाविरुद्ध होतं, नोकरी जाण्याइतकं. रविवारी दुपारी, जेवणाचं एकुलतं ताट धुऊन झाल्यावर, त्यांनी घरच्या संगणकावरून लिहिलं:

‘डॉक्टर, नमस्कार. मी सातराव. कंपनीतर्फे लिहीत नाहीये, स्वतःहून लिहितोय. दाढ दाखवून घेतली. कीड होती, दाखवून घ्या म्हणालात ते बरं झालं. आता तुमच्या नाण्यांचं काही काम नाही, पण बोलायला हरकत नसावी. खाली माझा फोन नंबर देतोय. वेळ असेल तेव्हा करा. मला वेळ आहे.’

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा राहू दिलं. मग फोन समोर ठेवून बसले. संध्याकाळी तो वाजला. मुलीचा अंगठा होता. आज सकाळी पाठवायचा राहिला होता.

सोमवारी तिकीट आलं, ‘संशयास्पद संपर्क’ या सदरात. ही तिकिटं ज्याच्या त्याच्या जुन्या मदतनिसाकडे जात.

‘सातराव!’ डॉक्टरांनी लिहिलं होतं. ‘किती दिवसांनी! ऐका. काल मला एका चोराचा मेल आला. तुमचं नाव घेऊन. तुमची दाढसुद्धा माहीत होती हो त्याला! केवढी तयारी करतात ही माणसं. गोड तर इतका बोलला की क्षणभर मला खरंच वाटलं. फोन उचललाही होता हातात. मग तुमचं वाक्य आठवलं, ओळखीचा वाटला तर नक्कीच चोर. ठेवून दिला. मेल सोबत जोडला आहे. बरोबर केलं ना मी?’

काकांनी लिहिलं, ‘डॉक्टर, तो मीच होतो.’

पाठवायच्या आधी त्यांनी ते वाक्य वाचलं. चोराने नेमकं हेच लिहिलं असतं. आणि डॉक्टरांनी ते मानलं, तर मग पुढचा खरा चोर येईल तेव्हा त्यालाही मानतील. शिवाय पलीकडच्या टेबलावर टीम लीडर बसली होती आणि ही चौकट तिलाही दिसत असे. काकांनी वाक्य पुसलं. त्या जागी लिहिलं:

‘अगदी बरोबर केलंत. तो आमचा माणूस नव्हता.’

‘मला वाटलंच,’ डॉक्टरांनी लिहिलं. ‘बाकी तुम्ही कसे आहात? दाढ?’

या सदरातल्या तिकिटाला एकच उत्तर देता येई, आणि ते देऊन झालं होतं. चौकट करडी पडत गेली. खाली एक रकाना उघडला: चोराचा पत्ता इथे भरावा, म्हणजे तो कायमचा बंद करता येईल. काकांनी स्वतःच्या मेलचा पत्ता भरला, एकदा तपासून पाहिला आणि बटण दाबलं. यंत्र नीट चाललं.

दुपारपर्यंत ग्राहकाचा अभिप्राय आला. पाचपैकी पाच तारे.