मास्तरांच्या दाराची कडी

दाराला दोन बाजू असतात हे काही कुणाला सांगायला नको. पण छत्रीताईंचा सगळा संसार दाराच्या एकाच बाजूवर चालला होता, बाहेरच्या.

छत्रीताई हे त्यांचं खरं नाव नव्हे. शहरात पायी सहल नेताना माणसं हरवू नयेत म्हणून त्या एक पिवळीधमक छत्री उंच धरून पुढे चालत, त्यावरून ते पडलं. आणि एकदा पडलेलं नाव हळदीच्या डागासारखं, धुतलं तरी जात नाही.

सहल होती मास्तरांची. मास्तर म्हणजे टीव्हीवरच्या एका मालिकेतले गुप्तहेर. शाळेतली नोकरी सोडून चोरांच्या मागे लागलेला साधा माणूस, डोक्यावर चपटी टोपी, बगलेत वर्तमानपत्र. मालिका संपून वर्षं लोटली, पण तिचे भक्त काही संपले नाहीत. मास्तर जिथे जिथे चालले, थांबले, शिंकले, तिथे तिथे ताई त्यांना घेऊन जात.

गंमत अशी, की मास्तरांचं घर एक नव्हतंच. दार एका गल्लीतलं, जिना वाचनालयातला, आणि ज्या खिडकीत बसून मास्तर विचार करत ती बाजारातल्या चष्म्याच्या दुकानावरची. चित्रीकरणवाल्यांनी ठिगळं जोडून घर उभं केलेलं. मास्तर दारातून आत शिरत आणि पाय ठेवत तो पार शहराच्या दुसऱ्या टोकाच्या जिन्यावर! हे ऐकून लोक आधी हिरमुसत, मग हसत. पण सगळ्यांत मान दाराचा.

दार गडद हिरवं, जुन्या लाकडाचं, त्यावर पितळी कडी. मालिकेच्या प्रत्येक भागाच्या शेवटी दमलेले मास्तर ती वाजवत. दोन सावकाश, मग जरा थांबून एक. ठक, ठक… ठक. आतून बहीण दार उघडी आणि भाग संपे. सहलीला आलेला माणूस घरी कितीही मोठा साहेब असो, त्या दारापाशी आला की लहान होई. कडी वाजवल्याशिवाय त्याचा पाय निघत नसे.

आता जरा दाराच्या आत चला. आत काकू राहत. चित्रीकरणाला परवानगी दिली होती ती त्यांच्या यजमानांनी. ते होते तोवर त्यांनाच कोण कौतुक! कडी वाजली की उठून दार उघडायचे आणि आपल्या घोगऱ्या आवाजात मास्तरांच्या बहिणीचं वाक्य म्हणून दाखवायचे. ते गेले. कडी राहिली. आणि तिचं ऐकायला उरल्या एकट्या काकू, हातात काठी, कानात कापूस.

एके दिवशी संध्याकाळी काकूंनी छत्रीताईंना आत बोलावून घेतलं.

"बाई गं, हे माझं डोकं आहे की देवळातली घंटा? येईल त्याने वाजवायची?"

"काकू, मी सांगते हो लोकांना."

"तू सांगतेस, ते ऐकतात का? परवा डोळा लागला होता. कडी वाजली. काठी शोधली, चष्मा शोधला, भिंत धरत धरत आले, दार उघडलं, तर एक बाप्या विचारतो, ‘तुम्ही मास्तरांची बहीण का?’ म्हटलं, नाही रे बाबा, मी चोर!"

ताईंना हसू फुटलं. काकूंना फुटलं नाही.

"सुताराला सांगून ठेवलंय. कडी काढायची आणि दार पांढरं रंगवायचं."

ताईंनी वळून दाराकडे पाहिलं. कडी नाही, हिरवं दार नाही, तर मग लोकांनी चालत यायचं कशाला? हे काम नुसतं पोटासाठीही नव्हतं. रोज चार अनोळखी माणसांना एका गोष्टीत बांधून चालवत न्यायचं, याचं त्यांना वेड होतं.

त्यांचा चेहरा बघून काकू जरा निवळल्या. "बरं. उद्याची एक सहल आण. एकही हात कडीला लागला नाही, तर सुताराला थांबवते. लागला, की संपलं. मग डोळ्यांत पाणी आणू नकोस, माझेच आधी गळतात."

घरी ही हकीकत ऐकून नणंदबाईंनी तोंड सोडलं. सहलीची नोंदणी फोनवर त्याच घेत. "झालं! म्हणजे उद्यापासून मी लोकांना काय सांगू, वहिनी? या, आमच्या वहिनींची छत्री बघा?"

"वन्सं, शुभ बोला जरा."

"शुभच बोलतेय. छत्री चांगली आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी छत्रीताई निघाल्या त्या मनातल्या मनात देवाचा धावा करतच. घोळक्यात दरवर्षी येणारे टोपीवाले काका होते. मास्तरांसारखी टोपी, बगलेत वर्तमानपत्र, आणि मास्तरांविषयी कुणी चूक बोललं की ती जागच्या जागी दुरुस्त करणारी जीभ. कडीवर पहिला हात पडायचा तो यांचाच.

गल्लीच्या तोंडाशीच ताईंनी सगळ्यांना थांबवलं. "आज कडीला हात लावायचा नाही. आत वयस्क बाई आहेत, त्यांना त्रास होतो. आज एकाने जरी वाजवली, तर हे दार कायमचं जाईल. मग माझी सहलही गेली."

"नुसतं बोट लावलं तर?" टोपीवाले काका म्हणाले.

"बोटसुद्धा नाही."

"म्हणजे देवळात जायचं आणि नमस्कार करायचा नाही."

"लांबून करा. देव लांबूनही बघतो."

दारासमोर घोळका अर्धवर्तुळात उभा राहिला. ताईंनी छत्री मिटून दारासमोर आडवी धरली, फाटकासारखी. टोपीवाल्या काकांनी दोन्ही हात खिशात कोंबले. कुणी फोटो काढले, कुणी नुसतंच बघत राहिलं. ताई मनात म्हणत होत्या, चला, पार पडलं.

तेवढ्यात दार बोललं.

ठक, ठक… ठक.

आतून! क्षणभर कुणाला काही कळेना. मग एकच जल्लोष झाला. टाळ्या काय, शिट्ट्या काय! "वा ताई, वा!" टोपीवाले काका गहिवरले. "वाजवू नका म्हणालात ते यासाठी होय! आम्हाला वाटलं, या वर्षी उपास!"

आतून पुन्हा आवाज आला. पुन्हा टाळ्या.

छत्रीताईंचे डोळे भरून आले. काकू विरघळल्या! फणसच तो, वरून काटे, आत गरे. त्यांनी दाराला हात जोडले, "काकू, उपकार झाले हो!" असं ओरडून म्हणाल्या, आणि छत्री उघडून पिसासारख्या हलक्या होऊन घोळका घेऊन पुढे निघाल्या.

पुढचा मुक्काम कालव्यावरचा पूल. याच पुलाच्या कठड्याला टेकून मास्तर आपल्या शिष्याला शोधाचा नियम सांगतात, आणि ताई तो प्रसंग रोज जसाच्या तसा करून दाखवत. त्या कठड्याला टेकल्या, आवाज खाली आणला आणि म्हणाल्या, "लक्षात ठेव. माणूस जे कधीच करत नाही, ते त्याने केलं, की तिथंच थांबायचं. पुढे जायचं ना—"

आणि वाक्य तिथेच तुटलं.

देवाची करणी बघा. निरूपण करणाराही एखादी ओळ जन्मभर गातो, लोकांना रडवतो, आणि एक दिवस ती ओळ अचानक त्याच्याच कानात शिरते. तोवर ती तोंडात असते, एवढंच. छत्रीताईंनी हे वाक्य कित्येक वर्षं म्हटलं होतं. ऐकलं आज.

काकू ते ठोके कधीच देणार नाहीत. ज्या आवाजाने त्यांची झोप उडाली तो आवाज त्या गंमत म्हणून करणार? आणि तोही सहलीवर खूश होऊन?

"काका," त्या टोपीवाल्यांना म्हणाल्या, "तो मघाचा आवाज कडीचा होता?"

काका विचारात पडले. "आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कडी इथे असते," त्यांनी छातीशी हात नेला, "आणि आवाज आला उंबऱ्याजवळून. पितळेचाही नव्हता. लाकडावर लाकूड."

"काठी," ताई म्हणाल्या, आणि पळत सुटल्या.

मागे अख्खा घोळका धावत सुटला, हसत, एकमेकांना ढकलत. त्यांना वाटलं, हाही सहलीचाच भाग! कुणी तर "चोर, चोर!" असं ओरडतही होतं. ताईंनी एकदाच मागे वळून म्हटलं, "अहो, खरं आहे हे!" तो चेहरा पाहून हसणं एकेक करून विझलं.

दाराशी येऊन ताईंनी हाका मारल्या. आतून उत्तर आलं ते विहिरीच्या तळातून यावं तसं. दार ओढलेलं, कुलूप आपोआप लागणारं.

"मागच्या दाराने!" टोपीवाले काका ओरडले. "कालव्याच्या अंगाने! मास्तर नेहमी तिथूनच—" आणि ते निघालेसुद्धा, मागोमाग चारजण.

"अहो काका! ते मालिकेतलं मागचं दार बाजारातलं आहे! या घराला मागे भिंत आहे, भिंत!"

काका जागीच थिजले. मालिकेतली इंचन् इंच जागा पाठ असलेला माणूस, पण ज्या घरासमोर उभा होता ते घर त्याने आज पहिल्यांदा पाहिलं.

किल्ली होती शेजारच्या इस्त्रीवालीकडे, भिंतीवरच्या खिळ्याला. वाफेच्या लोटात, रेडिओच्या आवाजात ती कपडे दाबत होती. "ठोके ऐकले की मी," ती किल्ली काढता काढता म्हणाली, चेहरा पांढरा पडलेला. "पण ते रोजचेच ना, ताई. कान मेलेत माझे त्या आवाजाला."

दार ढकललं तर जड लागलं. दाराच्या आतल्या अंगाला वरपासून एक जाड लोकरी पांघरूण टांगलेलं, एका कोपऱ्यातून निसटून लोंबत होतं. खाली कलंडलेलं स्टूल, हातोडी, आणि उंबऱ्याशी भिंतीला पाठ टेकून काकू. एक पाय लांब केलेला, घोटा सुजून टम्म. हातात काठी.

"आलीस का गं भवाने? मी इथे हाका मारून मारून घसा फोडतेय, आणि बाहेर माझी सवारी निघाल्यासारख्या टाळ्या!"

ताई तिथेच जमिनीवर बसल्या आणि काकूंचा हात धरून रडू लागल्या.

"रडू नको. आधी पाणी दे, मग रड."

पाणी आलं. घोळक्यातल्या एक बाई परिचारिका निघाल्या. त्यांनी घोटा चाचपला, हाड शाबूत आहे असं वाटतं म्हणाल्या, तरी डॉक्टरला दाखवाच असं बजावून पट्टी बांधली. काकूंना खुर्चीत बसवलं. घोळका बाहेर गल्लीत थांबला होता, टोपीवाल्या काकांची टोपी हातात.

"पण काकू, हे पांघरूण कशाला?" ताईंनी विचारलं.

काकूंनी तोंड फिरवलं. "कशाला म्हणजे? तुझ्या त्या माकडांपैकी एक तरी कडी वाजवणार, हे मला ठाऊक नव्हतं होय? वाजवली की मला शब्द पाळावा लागला असता. म्हटलं, ऐकूच आलं नाही तर सुताराला बोलवायचा प्रश्नच कुठे येतो?"

ताई बघतच राहिल्या.

"बघतेस काय? ते असते तर मला बोलले असते, दार पांढरं केलंस म्हणून." काकूंनी काठीने जमीन टोकरली. "आणि ऐक. साध्या हाकेला कुणी ओ देईना, तेव्हा म्हटलं, या लोकांना एकच भाषा कळते. म्हणून तसं ठोकलं. तर टाळ्या!"

आणि इतक्या वेळाने काकू हसल्या. हसता हसता घोटा दुखला, तरी हसल्या.

सुतार आला नाही. दार हिरवं आहे. सहल अजून निघते, पण आता कडी एकच माणूस एकदाच वाजवतो, आणि मग सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. आतून काठीचे ठोके आले की पुढे निघायचं. लोकांना वाटतं, काय सुरेख बेत रचलाय या बाईने! ताई त्यांना काही सांगत नाहीत. ओढणीच्या गाठीत काकूंच्या घराची किल्ली असते, तिच्यावर त्यांचा हात असतो.

परवा कडी वाजली आणि आतून काहीच आलं नाही. ताईंनी छत्री काखेत मारली, गाठ सोडली, किल्ली कुलपाला लावली.

"आले गं, आले!" आतून खणखणीत आवाज आला. "दूध उतू जात होतं. मास्तरांना म्हणावं, जरा दम धरा!"